विसर्जन नसलेल्या मूर्ती

मनुष्य हा विचार करणारा प्राणी आहे, असे तर्कशास्त्राची पुस्तके सांगतात. इतिहास त्याचे दुसरेच एक लक्षण दाखवितो. मनुष्य हा नमस्कार करणारा प्राणी आहे. तो विचार कधी करतो, कधी करीत नाही. परंतु हात जोडल्यावाचून त्याचे एकही शतक गेलेले नाही. वाघापुढे, वृक्षापुढे, शिळेपुढे, राजापुढे, ग्रंथापुढे आणि अलीकडे पडद्यावर हलणाऱ्या छायेपुढेही त्याचे मस्तक नमले आहे. ही वृत्ती मूळची वाईट काय, आणि वाईट नसेल तर ती घातक केव्हा होते, हा प्रश्न विचारी माणसाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधण्यास काशीस किंवा रोमला जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या उपनगरांतील दिंडोशीच्या आसपास फिरून आले तरी पुरे.

दिंडोशी हे साष्टी बेटातील जुने गाव. गोरेगाव व मालाड यांच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले. आज तेथे द्रुतगती मार्गावरून मोटारींचा अखंड प्रवाह वाहतो, उंच इमारतींची गर्दी झाली आहे, न्यायालय आहे, आणि इ. स. २०२२ पासून मेट्रो रेल्वेचे स्थानकही आहे. तथापि पूर्वेकडे पाहिले की अद्याप डोंगर व झाडी दृष्टीस पडते. या डोंगराच्या अवतीभवती, तीन-चार कोसांच्या टापूत, मनुष्याने दोन हजार वर्षांत ज्यांची ज्यांची म्हणून पूजा केली, त्यांपैकी बहुतेकांची ठाणी सापडतात. इतक्या लहान भूमीवर उपासनेच्या इतिहासाचे इतके अध्याय एकत्र मिळणे दुर्मीळच होय.

पहिला अध्याय वाघदेवाचा. आरे व बोरीवलीच्या जंगलातील पाड्यांवर वारली लोक राहतात. त्यांचा हा देव देवळात बसत नाही. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ आणि बहुधा त्याच्या जोडीला सूर्यचंद्र, एवढेच त्याचे रूप. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीस, त्याची पूजा होते. शहरी मनुष्यास हे भोळेपण वाटते. परंतु त्यामागील विचार पाहावा. या रानात बिबळ्या आजही खरोखरीच फिरतो. जो आपल्याहून बलवान आहे आणि ज्याच्या शेजारी आपणांस राहावयाचे आहे, त्याच्याशी केलेला हा एक करार आहे. वारल्यास फळीवरचा वाघ आणि झाडीतला वाघ यांतील भेद पक्का ठाऊक असतो. फळीवरच्या वाघास तो नमस्कार करतो. झाडीतला दिसला तर तो आपली पोरे घरात घेतो. खूण आणि खुणेने दाखविलेली वस्तू यांतील हे अंतर ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा अध्याय कान्हेरीचा. काळ्या दगडात खोदलेली शंभरांहून अधिक लेणी येथे आहेत. ख्रिस्ती सनाच्या आरंभाच्या सुमारास येथे बौद्ध भिक्षूंचा निवास सुरू झाला आणि तो सुमारे एक हजार वर्षे टिकला. भगवान बुद्धाने आपली पूजा मागितली नव्हती. वक्कली नावाचा त्याचा एक शिष्य होता. गुरूचे रूप डोळ्यांपुढून हलू नये, एवढाच त्याचा ध्यास. त्याला बुद्धाने बजावले की, या नाशवंत देहाकडे पाहून काय मिळणार? जो धर्म पाहतो तोच मला पाहतो. अनुयायांनी हा उपदेश पुष्कळ काळ पाळला. जुन्या बौद्ध शिल्पांत बुद्धाची मूर्तीच नाही. जेथे तो असावयाचा तेथे रिकामे आसन, पाऊलखुणा, बोधिवृक्ष किंवा धर्मचक्र दाखविले जाई. कान्हेरीचे तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, सातवाहन राजांच्या काळचे. त्याच्या गाभ्यात स्तूप आहे, मूर्ती नाही.

परंतु त्याच चैत्याच्या ओसरीत उभे राहून दोन्ही बाजूंस पाहावे. सुमारे तेवीस फूट उंचीच्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती तेथे उभ्या आहेत. त्या पाचव्या-सहाव्या शतकांतल्या, म्हणजे तीन-चारशे वर्षांनंतरच्या. आत निराकाराची खूण आणि दारात साकाराचा डोंगर! या दोहोंमधील अंतर काही पावलांचे, परंतु ती पावले टाकण्यास मानवी मनाला कित्येक शतके लागली. पुढे एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आला. रिकाम्या आसनाकडे पाहून समाधान मानणे थोड्यांस जमते. बहुतेकांस डोळे हवे असतात, आशीर्वादाचा हात हवा असतो. यात हसण्यासारखे काही नाही. या मूर्तींचे प्रशांत मुख पाहून कोणाचेही मन क्षणभर निवळल्यावाचून राहत नाही. इ. स. १००९ व १०२१ मध्ये अग्नीची उपासना करणारे पारशी यात्रेकरू येथे आले आणि आपली नावे पहलवी लिपीत नव्वदाव्या लेण्यात कोरून गेले. परक्याच्या पूज्य स्थानी जाऊन तेथे आपले नाव ठेवावेसे त्यांना वाटले, ही गोष्टही लहान नाही.

तिसरा अध्याय मात्र कटू आहे. उत्तरेस दहिसर नदीच्या काठी मंडपेश्वराची शैव लेणी आहेत. साष्टी बेट इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि त्या शतकात ख्रिस्ती पाद्रयांनी या लेण्यात आपले उपासनामंदिर केले. लेण्याच्या माथ्यावर चर्च व मठ उभे राहिले. त्यांचे भग्नावशेष अद्याप दिसतात. आत एका शिल्पपटावर भला मोठा क्रूस कोरलेला आहे. इ. स. १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकून घेतली आणि पोर्तुगीजांचा अंमल संपला. आज त्याच गाभाऱ्यात पुन्हा शिवलिंगाची पूजा होते, आणि शेजारीच ख्रिस्ती वस्तीत प्रार्थनेची घंटाही वाजते. तात्पर्य काय? मूर्ती फोडल्याने पूजा थांबत नाही. एक चिन्ह छाटले की त्याच दगडावर दुसरे उमटते. भंजन हा उपासनेचा शेवट नव्हे. तो बहुधा दुसऱ्या उपासनेचा आरंभ असतो.

मग या वृत्तीस आवर घालणारे काहीच नाही काय? आहे, आणि ते आपल्या घराघरांत दरवर्षी आपल्या डोळ्यांदेखत घडते, म्हणूनच त्याकडे आपले लक्ष जात नाही. भाद्रपदात शाडूची मूर्ती घरी येते. ती आणली त्या क्षणी ती माती असते. आवाहन होते, प्राणप्रतिष्ठा होते, सोळा उपचारांनी पूजा होते. मग दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस किंवा दहा दिवस ती घरातील थोर पाहुणी असते. ठरलेला दिवस येताच उत्तरपूजा करून अक्षता टाकतात, मूर्ती जागेवरून किंचित हलवितात, आणि देव गेला, आता पुनः माती उरली, असे मानून ती माती पाण्यास देतात. घरातील लहान मुले रडतात. वडील मंडळी मात्र पुढल्या वर्षाचे आमंत्रण देऊन रिकामा पाट घेऊन परततात.

या विधीत केवढे शहाणपण साठविले आहे! देव अमर्याद आहे. ही आकृती आपण आपल्या सोयीसाठी, आपल्या हातांनी आणि थोड्या दिवसांसाठी केली आहे, याची आठवण विधीनेच दर वर्षी करून द्यावी, अशी ही योजना आहे. फुलाचे दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, मूर्तीची दहाव्या दिवशी माती होते. आवाहनाइतकाच विसर्जनालाही मंत्र आहे. ज्या पूजेत विसर्जन आहे, ती मनुष्यास आंधळी करीत नाही.

महाराष्ट्राच्या संतमंडळाने हाच विवेक दुसऱ्या रीतीने शिकविला. नामदेव विठ्ठलाचा लाडका, परंतु गोरोबाकाकांच्या परीक्षेत तो कच्चे मडके ठरला. मग तो औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेला, तो ते महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवाने रागावून पाय काढावयास सांगितले. तेव्हा जेथे देव नाही तेथे तूच ते नेऊन ठेव, असे विसोबा म्हणाले. ही आख्यायिका कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ज्या समाजाने सावळ्या मूर्तीसाठी शेकडो मैल चालत जावयाचे, त्याच समाजाने ही कथा आवडीने ऐकावयाची, यातच त्याच्या भक्तीचा समतोल दिसून येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात इ. स. १८६७ मध्ये मुंबईस प्रार्थनासमाज निघाला आणि त्याने मूर्तीवाचून उपासना आरंभिली. इ. स. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला आणि निर्मिक व मनुष्य यांमध्ये मध्यस्थ नको, असे सांगितले. मार्ग निराळे, परंतु चिन्हाला साध्य समजू नका हा इशारा एकच.

आता चौथा अध्याय. तो दिंडोशीच्या अगदी लगतच लिहिला गेला आहे. इ. स. १९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाने गोरेगावच्या पूर्वेस, याच डोंगरांच्या कुशीत, चित्रनगरी स्थापिली. इ. स. २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळक्यांचे नाव देण्यात आले. हे नाव सर्वथा योग्य आहे, कारण पडद्याचा आणि देवाचा संबंध फाळक्यांपासूनच जडला. गिरगावातील एका चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या मनात आले की, आपले राम व कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत? ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, आणि इ. स. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. तरीही राम पडद्यावर येताच प्रेक्षक हात जोडीत. इ. स. १९३६ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ काढला. त्यातील विष्णुपंत पागनिसांची मुद्रा लोकांच्या मनात अशी ठसली की, कित्येकांना तुकोबा म्हटले की तीच आठवू लागली. इ. स. १९७५ मधील ‘जय संतोषी माँ’ या हिंदी चित्रपटाच्या वेळी तर लोक जोडे बाहेर काढून चित्रपटगृहात शिरत आणि पडद्यावर नाणी उधळीत.

येथवर नमस्कार नटास नव्हता. नटाच्या आडून देवास होता. परंतु लोकांची दृष्टी हळूहळू बदलत गेली. इ. स. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. अनेक घरांत स्नान करून, यंत्रास हार घालून, उदबत्ती लावून मंडळी त्यापुढे बसत. तिच्या मागोमाग इ. स. १९८८ ते १९९० या काळात ‘महाभारत’ आले. त्याचे बरेचसे चित्रीकरण याच चित्रनगरीत झाले. म्हणजे ज्या डोंगरात वाघदेव, बुद्ध आणि महादेव यांची पूजा होत आली, त्याच डोंगराच्या कडेस पुठ्ठ्याची हस्तिनापुरी उभी राहिली. या नगरीत चित्रीकरणासाठी बांधलेले देऊळही आहे. कथानकाला हवा असेल तो देव त्यात बसतो आणि काम संपताच उठतो. त्या देवळास विसर्जन ठाऊक आहे. ठाऊक नाही ते प्रेक्षकांस!

याचा पुरावा पुढील निवडणुकांत मिळाला. इ. स. १९९१ मध्ये मालिकेतील सीता बडोद्याहून लोकसभेत निवडून आली, आणि त्याच वर्षी मालिकेतला रावणही साबरकांठ्याहून निवडून आला. इ. स. १९९६ मध्ये ‘महाभारता’तला श्रीकृष्ण जमशेदपूरहून गेला, आणि इ. स. २०२४ मध्ये ‘रामायणा’तला राम मेरठहून गेला. या मंडळींच्या योग्यतेविषयी येथे काहीच म्हणावयाचे नाही. नटासही नागरिकाचे सर्व हक्क आहेत. लक्षात घ्यावयाचे ते मतदाराच्या मनाचे चलनवलन. पडद्यावरील छायेस केलेला नमस्कार मतपेटीपर्यंत जाऊ शकतो, आणि वाटेत कोठेही त्याची उत्तरपूजा होत नाही. पिंडीवर पाय ठेवणारा विसोबा तेथे कोणी नसतो.

फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाने इ. स. १६२० मध्ये लिहिलेल्या आपल्या ग्रंथात मनुष्याच्या बुद्धीस भुरळ घालणाऱ्या चार प्रकारच्या मूर्ती सांगितल्या आहेत. मानवजातीच्या स्वभावातून उपजणाऱ्या, प्रत्येकाच्या मनाच्या गुहेतल्या, बाजारातल्या आणि नाट्यगृहातल्या. दिंडोशीच्या परिसरात गुहा, बाजार आणि नाट्यगृह ही तिन्ही जवळजवळ आहेत. दगडाच्या मूर्तीहून या मनातल्या मूर्ती अधिक चिवट असतात, कारण आपण त्यांना पुजतो हेच आपल्याला ठाऊक नसते.

ज्यांनी देवच नाकारले, त्यांचीही यातून सुटका झालेली नाही. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत १० नोव्हेंबर १७९३ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम या प्रार्थनामंदिरात बुद्धीचा उत्सव झाला, आणि एका स्त्रीस देवतेच्या वेषात मिरविण्यात आले. ज्या बुद्धीने मूर्ती नाकारावयाच्या, तिचीच मूर्ती झाली! रशियात धर्माला अफू म्हणणाऱ्यांनी इ. स. १९२४ मध्ये लेनिनचा देह मसाल्यांत जतन करून दर्शनासाठी ठेवला. इ. स. १९५३ मध्ये स्टालिनचा देहही त्याच्या शेजारी आला. इ. स. १९५६ मध्ये ख्रुश्चॉव्हने स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर कडक टीका केली आणि इ. स. १९६१ च्या ऑक्टोबरअखेरीस तो देह रात्रीच्या वेळी तेथून हलविण्यात आला. इ. स. १९९१ मध्ये तर कित्येक शहरांतील पुतळे दोर लावून पाडण्यात आले. आपल्याकडे मूर्ती वाजतगाजत पाण्याकडे जाते. तेथे ती रात्री गुपचूप किंवा दोर लावून जाते. ज्या समाजास विसर्जन ठाऊक नाही, त्याच्या वाट्यास भंजनच येते. मध्यंतरीच्या काळात त्या मूर्तीपायी किती जिवांचा होम झाला, हे जगाला ठाऊक आहे.

आपल्या देशात हा धोका ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखला, तो पुरुष मुंबईचाच होता. न्यायमूर्ती रानड्यांच्या जन्मदिनानिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे व्याख्यान झाले. ते पुढे पुस्तकरूपाने निघाले. त्यात त्यांनी एक मार्मिक भेद सांगितला: थोर पुरुषाविषयी मनापासून आदर बाळगणे ही एक गोष्ट आहे आणि त्याची आज्ञा डोळे मिटून पाळणे ही दुसरी. पहिलीत दोष नाही. दुसरी अत्यंत घातक आहे. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, राज्यघटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी, घटनासमितीत त्यांनी राष्ट्राला पुन्हा सावध केले. धर्मात भक्ती हा मोक्षाचा मार्ग असू शकेल. राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कृतज्ञतेलाही सीमा असावी, राष्ट्राने आपले स्वातंत्र्य गहाण टाकून कोणाचे उपकार फेडू नयेत, हेही त्यांनी सांगितले. ज्याने हे सांगितले त्याचेही पुतळे आज गावोगाव आहेत. त्यांच्यापुढे ठेवलेल्या फुलांत आदर आहे, आणि तो उचितच आहे. परंतु फूल ठेवून परत फिरताना ही दोन भाषणे ज्याला आठवतील, त्यानेच त्या पुरुषाचा खरा मान राखला, असे म्हणावे लागेल.

दुर्दैव असे की, जेथे विसर्जनाचे शिक्षण मिळत असे तेथेही ते आता विसरत चालले आहे. शाडूच्या जागी प्लॅस्टर ऑफ पॅरिस आले. ते हलके व स्वस्त; त्याच्या मूर्ती उंच करता येतात. परंतु ते पाण्यात विरघळत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीने उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर भग्न हात, तुटलेले मुकुट आणि रंगीत मस्तके पडलेली असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने इ. स. २०१० मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना केल्या आणि इ. स. २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या. हा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा तर आहेच. त्याशिवाय त्यात एक अर्थ दडला आहे. पूर्वजांनी विरघळणारी मूर्ती घडविली. आपण न विरघळणारी घडवू लागलो. आपल्या मनातही तेच झाले आहे. पूर्वी सकाळी उठल्याबरोबर आपल्या तळहातांचे दर्शन घेण्याची रीत होती. आपले भाग्य आपल्या हातांत आहे याची ती आठवण होती. आज त्याच तळहातावर दूरध्वनीचे यंत्र असते, आणि पहिले दर्शन त्यातल्या कोणा नटाचे, खेळाडूचे किंवा पुढाऱ्याचे होते. या देवतांस ना दीड दिवसाची मर्यादा, ना अनंतचतुर्दशीची.

पूजेची वृत्ती मनुष्यातून काढून टाकता येईल, ही आशा फोल आहे. आणि ती काढून टाकणे इष्टही नाही. जो कशापुढेच नम्र होत नाही, तो शेवटी स्वतःचीच पूजा करू लागतो, आणि ती सर्वांत हीन मूर्तिपूजा होय. हात जोडावेत; परंतु ज्यापुढे जोडले त्याला प्रश्न विचारण्याची जीभ राखावी. ज्याला मान दिला त्याच्या चुका पाहण्याचे डोळे उघडे ठेवावेत. ज्याला एका वेळी निवडले, त्याला दुसऱ्या वेळी निरोप देता यावा. लोकशाहीत पाच वर्षांनी येणारी निवडणूक ही वस्तुतः राष्ट्राची उत्तरपूजाच आहे; तीत निवडलेल्याचा अपमान नाही आणि निवडणाऱ्याचा कृतघ्नपणाही नाही. घरातील मुलांस गणपतीची आरती आपण हौसेने शिकवितो. विसर्जनाच्या दिवशी ती रडू लागली म्हणजे त्यांना खाऊ देऊन गप्प न करता, मूर्ती पाण्यात का द्यावयाची याचा अर्थही जवळ बसवून सांगावा. पुढे मोठेपणी कोणाच्या मागे जावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे ठरविण्याची पाळी त्यांच्यावर येईल, तेव्हा हाच धडा त्यांच्या उपयोगी पडेल.